स्प्रेडशीट : आकड्यांची घरे आणि त्यांचा ताळा

संगणकावर पत्र लिहिणे, ते पाठविणे, आलेले वाचणे, एवढे आता पुष्कळ प्रौढ मंडळींना जमू लागले आहे. परंतु स्प्रेडशीट उघडली की तीच मंडळी थबकतात. समोर नुसती घरेच घरे; आरंभ कोठून करावा हे कोणी सांगत नाही. मग बहुतेक जण एक तोडगा काढतात. त्या घरांना छापील रेघांचा कागद समजून आकडे भरतात, शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करतात, आणि ती शेवटच्या घरात नेऊन टंकित करतात. अशा फायली आम्ही कितीतरी पाहिल्या आहेत. दिसावयास त्या नीटनेटक्याही असतात. पण हे म्हणजे बैलांना गाडीत बसवून जू आपल्या खांद्यावर घेण्यासारखे झाले.

या वस्तूचे मर्म असे आहे. स्प्रेडशीटच्या घरात तीन प्रकारचा ऐवज राहू शकतो : शब्द, आकडा आणि सूत्र. पैकी शब्द आणि आकडा कागदावरही राहतच होते. सूत्र ही नवी गोष्ट होय. सूत्र म्हणजे आकडा नव्हे. तो आकडा कसा काढावयाचा याची आज्ञा. पडद्यावर आपणास उत्तर दिसते, घराच्या पोटात आज्ञा असते. ज्या आकड्यांवर ती आज्ञा अवलंबून आहे त्यांपैकी एखादा बदलला, की उत्तर आपोआप बदलते. बाकीची सारी बटणे, रंग आणि आलेख नंतर सावकाश शिकले तरी चालतात.

ही कल्पना ज्याला सुचली तो हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी होता. डॅन ब्रिकलिन त्याचे नाव. १९७८ साली वर्गात प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचे मोठे कोष्टक मांडीत. मध्येच एखादा आकडा चुकला वा बदलला, की त्यावर बेतलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनच्या मनात आले की, फळाच असा असावा की एक आकडा बदलला तर बाकीचे स्वतःच बदलावेत. बॉब फ्रँकस्टन या मित्राने तो प्रोग्राम लिहिला आणि १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' या नावाने तो अ‍ॅपल-२ या छोट्या संगणकावर चालू लागला. तोपर्यंत हौशी लोकांचे खेळणे समजला जाणारा तो संगणक या प्रोग्रामसाठी कचेऱ्यांतून विकत घेतला जाऊ लागला. पुढे १९८३ साली 'लोटस १-२-३' आले, आणि १९८५ साली मॅकिंटॉश संगणकावर 'एक्सेल' आले. त्याची विंडोजवरील आवृत्ती १९८७ ची. आज एक्सेल विकत मिळते, लिब्रेऑफिसमधील 'कॅल्क' फुकट मिळते, आणि 'गूगल शीट्स' इंटरनेटवर, अगदी मोबाइलवरही, चालते. शिकणाऱ्याने यांच्या निवडीत वेळ दवडू नये. आम्ही जे सांगणार आहोत ते तिन्हींत सारखेच आहे.

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. सहकारी गृहनिर्माण संस्थेची मासिक बिले हा विषय असा आहे की त्यात प्रत्येकाचे पैसे गुंतलेले असतात आणि वार्षिक सभेत त्यावरूनच आवाज चढतात. समजा, बारा सदनिकांची एक संस्था आहे. पहारेकरी, झाडलोट, जिन्यातील दिवे मिळून दरमहा सेवा खर्च १८,००० रुपये. तो सर्वांत सारखा वाटावयाचा. पाणीपट्टी ७,२०० रुपये. ती प्रत्येक घरातील नळांच्या संख्येप्रमाणे. याखेरीज दोन निधी. गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या मानाने सिंकिंग फंडाचे किमान प्रमाण वर्षाला पाव टक्का, आणि दुरुस्ती निधीचे पाऊण टक्का असे आहे. तेच आपण धरू. बांधकाम खर्च प्रत्येक सदनिकेला आठ लाख.

आता मांडणी. उभ्या रकान्यांना वर इंग्रजी अक्षरे असतात, आडव्या ओळींना डावीकडे क्रमांक. रकाना आणि ओळ मिळून घराचा पत्ता होतो. दुसऱ्या रकान्यातील आठव्या ओळीचे घर ते 'बी८'. येथे आम्ही ती अक्षरे नागरीत छापीत आहोत. कळफलकावर ती इंग्रजीच दाबावयाची.

सगळ्यांत वर, पहिल्या पाच ओळींत, केवळ मूळ माहिती लिहावी. ए रकान्यात नाव, बी रकान्यात आकडा : बी१ मध्ये सेवा खर्च १८०००, बी२ मध्ये सदनिकांची संख्या १२, बी३ मध्ये पाणीपट्टी ७२००, बी४ मध्ये ०.२५%, बी५ मध्ये ०.७५%. सातव्या ओळीत मथळे. आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत बारा सदनिका : ए रकान्यात सदनिकेचा क्रमांक, बी मध्ये नळ, सी मध्ये बांधकाम खर्च. विसावी ओळ बेरजेची. येथवर सूत्र एकही नाही. ही माहिती, आणि यापुढचे सर्व हिशेब, अशी वाटणी पहिल्यापासून पाळणे आम्हास फार महत्त्वाचे वाटते. मूळ आकडा एकाच ठिकाणी, एकदाच लिहावा. पाणीपट्टी वाढली तर ती कोठे बदलावयाची हे शोधण्याची पाळी पुढच्या खजिनदारावर येता कामा नये.

सूत्राचा आरंभ बरोबरच्या चिन्हाने होतो. ते चिन्ह दिले नाही तर प्रोग्राम त्याला साधे लिखाण समजतो. नळांची बेरीज बी२० मध्ये अशी : =सम(बी८:बी१९). 'सम' म्हणजे बेरीज, आणि मधले विसर्गासारखे चिन्ह म्हणजे 'पासून–पर्यंत'. समजा, उत्तर ४८ आले. आता पहिल्या सदनिकेचा सेवा खर्च डी८ मध्ये काढू : =बी१/बी२. उत्तर १,५०० येते, अगदी बरोबर. मग या घराची प्रत खालच्या अकरा घरांत उतरवावी, म्हणजे काम झाले, असे कोणासही वाटेल.

प्रत उतरवून पाहावी. दुसऱ्या सदनिकेचे बिल जवळजवळ शून्य येते, तिसरीचे येते अठ्ठावीस लाख ऐंशी हजार रुपये, आणि चौथीचे सुमारे तेहतीस पैसे!

यंत्र बिघडलेले नाही. प्रोग्रामने =बी१/बी२ ही आज्ञा 'या घरापासून सात ओळी वर असलेल्या आकड्याला सहा ओळी वर असलेल्या आकड्याने भागा' अशी वाचली होती. सूत्र एक ओळ खाली गेले, तसे त्याचे बोटही एक ओळ खाली गेले. दहाव्या ओळीत पोचेपर्यंत ते पाणीपट्टीला सिंकिंग फंडाच्या पाव टक्क्याने भागू लागले. ही खोड नव्हे, सोय आहे. बाराही घरांत 'आपापल्या ओळीतील नळ' असे म्हणावयाचे असते तेव्हा ती आपले श्रम वाचविते. परंतु जो आकडा सर्वांसाठी एकच आहे, त्याच्या पत्त्याला खुंटी मारावी लागते. ही खुंटी म्हणजे डॉलरचे चिन्ह. अमेरिकन नाण्याशी येथे त्याचा काही संबंध नाही. =$बी$१/$बी$२ असे लिहिले की प्रत कोठेही न्या, बोट पहिल्या आणि दुसऱ्या ओळीवरून हलत नाही.

पाणीपट्टीच्या सूत्रात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. ई८ मध्ये : =$बी$३*बी८/$बी$२०. फुलीऐवजी तारा हे गुणाकाराचे चिन्ह. एकूण पाणीपट्टी आणि एकूण नळ खुंटीला बांधलेले. बी८, म्हणजे त्या घराचे नळ, मोकळे. दर नळाला १५० रुपये पडतात. चार नळांच्या घराला ६००, पाच नळांच्या घराला ७५०. याच धर्तीवर एफ८ मध्ये सिंकिंग फंड, =सी८*$बी$४/१२, आणि जी८ मध्ये दुरुस्ती निधी, =सी८*$बी$५/१२. शेवटी एच८ मध्ये आडवी बेरीज, =सम(डी८:जी८). कोणता पत्ता बांधावयाचा आणि कोणता मोकळा सोडावयाचा, हे ज्याला समजले त्याची स्प्रेडशीटची मुळाक्षरे बहुतांशी झाली असे आम्ही समजतो. शिकवणीत यावर जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट गेला पाहिजे.

अठ्ठावीस लाखांचे बिल कोणी छापणार नाही. ती चूक ओरडून स्वतःला सांगते. भय आहे ते न ओरडणाऱ्या चुकीचे. आणि ती किती मोठ्या माणसांच्या हातून होते याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रगत देशांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेले, त्यांची सरासरी वाढ शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.१ टक्का आहे, असे त्यात होते. सरकारी खर्चाला कात्री लावावी म्हणणाऱ्या अनेक देशांतील मुत्सद्द्यांनी तो उचलून धरला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाइल मागवून उघडली. सरासरीचे सूत्र एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत जावयास हवे होते, ते चव्वेचाळिसाव्या ओळीवरच थांबले होते. पाच देश बाहेर राहिले होते. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी केलेल्या फेरहिशेबात उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या फरकात सूत्राच्या चुकीचा वाटा लहान होता. काही वर्षांची आकडेवारी न घेणे आणि देशांना वजन देण्याची पद्धत, हे वादाचे मोठे मुद्दे होते. मूळ लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली, निष्कर्ष सोडला नाही. आपल्या दृष्टीने ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, पाच देश गळाले तरी घरात उत्तर होतेच, आणि ते दिसावयास पूर्णपणे सभ्य होते.

आपल्या बारा सदनिकांत हेच घडू शकते. समजा, तळमजल्यावर एक दुकान नव्याने सभासद झाले. खजिनदार बेरजेच्या ओळीच्या लगेच वर एक नवी ओळ घालतो. सूत्र एकोणिसाव्या ओळीपर्यंतच पाहत असते; काही वेळा प्रोग्राम ते स्वतः लांबवितो, काही वेळा लांबवीत नाही. म्हणून नवी ओळ नेहमी मध्ये कोठेतरी घालावी, म्हणजे सीमा निश्चितपणे सरकते. अन्यथा शेवटच्या सदनिकेखाली एक रिकामी ओळ मुद्दाम राखून तिच्यासह बेरीज घ्यावी. जुने कारकून खतावणीत बेरजेपूर्वी एक रेघ मोकळी सोडीत, त्याची येथे आठवण होते.

जुन्या कारकुनांचा आणखी एक रिवाज येथे उपयोगी पडतो : ताळा. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळल्याखेरीज ते पान उलटीत नसत. डी२० ते जी२० मध्ये चार रकान्यांच्या उभ्या बेरजा घ्याव्या : १८,०००, ७,२००, २,००० आणि ६,०००. त्यांची आडवी बेरीज ३३,२००. इकडे एच रकान्यातील बारा बिलांची उभी बेरीजही ३३,२०० आली पाहिजे. या दोहोंची वजाबाकी करणारे एक घर कोपऱ्यात ठेवावे. तेथे शून्य दिसले पाहिजे. पण एवढ्याने निश्चिंत होऊ नये. एक सदनिका दोन्हीकडून गळाली तर हा ताळा खुशाल जुळेल. म्हणून दुसरा ताळा मूळ माहितीशी : डी२० हे बी१ इतके आहे काय, ई२० हे बी३ इतके आहे काय. संस्थेने भरावयाची पाणीपट्टी ७,२०० आणि सभासदांकडून गोळा होणारी ६,६००, असे दिसले तर कोणाचे तरी चार नळ हरवले आहेत हे कळते.

आता एक असा प्रसंग, जो वार्षिक सभेत हमखास येतो. बिलांवर पैसे नकोत म्हणून खजिनदाराने आकडे पूर्ण रुपयांत दिसतील अशी योजना केली. सिंकिंग फंडाचा मासिक हप्ता २,००० भागिले १२, म्हणजे १६६ रुपये ६७ पैसे; पडद्यावर १६७ दिसू लागला. एखादे निवृत्त गृहस्थ पेन्सिल घेऊन बसतात, १६७ गुणिले १२ करतात, २,००४ येतात; खाली बेरीज २,००० छापलेली. संगणकाला बेरीज येत नाही असा निष्कर्ष सभेत निघतो. वस्तुतः दोघांचेही गणित बरोबर असते. घराचा दर्शनी आकडा वेगळा आणि पोटातला वेगळा. दशांश लपविल्याने तो नाहीसा होत नाही. बिल जर खरोखरच पूर्ण रुपयांत घ्यावयाचे असेल, तर 'राउंड' हे सूत्र वापरून पोटातला आकडाच पूर्ण करावा लागतो; मग बेरीज २,००४ येते आणि छापील बिलाशी जुळते. वरचे चार रुपये कोणत्या खाती जमा करावयाचे, हा प्रश्न मात्र समितीचा आहे. पेन्सिल घेऊन बसणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल आम्हास आदर वाटतो. प्रत्येक संस्थेत असा एक तरी असावा.

लिहिण्याच्या सवयीही आड येतात. रकमेपुढे '१५००/-' अशी शेपटी जोडण्याची आपली रीत आहे. चेकवर ती शोभते. स्प्रेडशीटच्या घरात तशी लिहिली तर प्रोग्रामला तो आकडा राहत नाही, लिखाण होते, आणि 'सम' त्याला मुकाट्याने वगळते. ओळखण्याची खूण अशी की, आपण मुद्दाम काही न बदलल्यास आकडे घराच्या उजव्या कडेला चिकटतात, लिखाण डाव्या. रकान्यात एखादाच आकडा डावीकडे दिसला तर संशय घ्यावा. याच्या उलट, इमारत तीन, सदनिका चार म्हणून '३/४' लिहावे तर प्रोग्राम त्याची तारीख करून टाकतो. असे रकाने आरंभीच 'लिखाण' म्हणून ठरवून द्यावेत. ही अडचण केवळ आपलीच आहे असे मात्र नाही. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती आणि संशोधकांच्या फायलींत त्यांच्या तारखा होत. वर्षानुवर्षे हे चालल्यावर २०२० साली नामकरण समितीने नावेच बदलली. ती आता 'मार्चएफ१' आणि 'सेप्टिन१' झाली आहेत. प्रोग्रामपुढे शास्त्राने माघार घ्यावी, हे आम्हास जरा चमत्कारिक वाटते. एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय २०२३ साली आली.

स्प्रेडशीटला मर्यादा असते हेही माहीत असावे. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलीत ६५,५३६ ओळी मावत. २००७ पासूनच्या नव्या पद्धतीत १०,४८,५७६ मावतात. २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कोविड चाचण्यांची माहिती जुन्या पद्धतीच्या फायलींतून पुढे जात होती. ओळी संपल्या तशी वरची माहिती गळाली, आणि १५,८४१ रुग्ण काही दिवस राष्ट्रीय मोजणीबाहेर राहिले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेण्यास उशीर झाला. बारा सदनिकांच्या संस्थेवर हा प्रसंग येणार नाही हे खरे. तथापि शहराचे वा देशाचे आकडे ज्यांच्या हाती आहेत त्यांनी स्प्रेडशीटऐवजी निराळी साधने वापरावी, असेच तज्ज्ञ सांगतात.

शिकणाऱ्याने सराव कसा करावा? कल्पित आकडे घेऊ नयेत. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा हिशेब घ्यावा. गेल्या महिन्याची हाताने केलेली बिले सर्वांत उत्तम. ती पैन् पै जुळली की मगच पुढच्या महिन्याला हात घालावा. नंतर एक मूळ आकडा मुद्दाम बदलून पाहावा. वरील उदाहरणात बी३ मध्ये ७,२०० च्या जागी ८,४०० लिहिले तर दर नळामागे १५० चे १७५ झाले पाहिजेत, चार नळांच्या घराचे बिल शंभर रुपयांनी वाढले पाहिजे, आणि एकूण रक्कम ३४,४०० झाली पाहिजे. एखादे बिल जागचे हलले नाही, तर त्या घरात सूत्र नाही. कोणीतरी घाईत तेथे आकडाच टंकित केला आहे. असे घर सापडले की त्यावर जाऊन वरच्या पट्टीत पाहावे. पोटात काय आहे ते तेथे दिसते.

फाइल दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची असेल तेव्हा मूळ माहितीच्या पाच घरांना एक फिका रंग द्यावा आणि 'रंगीत घरेच बदलावी' एवढे वाक्य वर लिहावे. दरमहा फाइलची नवी प्रत काढून तिच्या नावात वर्ष आणि महिना घालावा. हिशेबतपासनीसाला द्यावयाच्या कागदांत बिलांच्या तक्त्याबरोबर सूत्रे दाखविणारी प्रतही जोडावी. उत्तरांऐवजी सूत्रे दाखविण्याची सोय तिन्ही प्रोग्रामांत आहे, आणि बारा सदनिकांच्या संस्थेला त्यासाठी एक कागद पुरतो.